झिरपणारं शून्य

"मला स्वप्न पडत नाही," डॉ. हेरंब उकिडवे माइकसमोर छाती काढून म्हणाले. "लहानपणी पडलं नाही, लग्नानंतर पडलं नाही, काल रात्रीही पडलं नाही. मी झोपतो म्हणजे बटण बंद करतो. माझ्या डोक्यात रात्री काहीच नसतं, म्हणूनच मंडळी, तुमच्या डोक्यात काय असतं ते तुम्हाला सकाळी कळतं!"

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. नाशिकच्या 'निद्रासुख' कंपनीने त्यांच्या निवृत्तीचा सत्कार ठेवला होता. शाल झाली, श्रीफळ झालं, 'शून्यपुरुष' अशी पदवी कोरलेलं चांदीचं मानपत्र झालं. पहिल्या रांगेत त्यांची बायको मंजिरी बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. पर्सचा बंद बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची.

मग श्रोत्यांचे प्रश्न सुरू झाले आणि आडगाव नाक्याच्या नवले काकू उठल्या.

"सर, प्रश्न नाही, विनंती आहे. तुम्ही एवढंच म्हणून दाखवा, 'आलोच. एवढं रीडिंग झालं की.'"

"ते कशासाठी?"

"म्हणा तर खरं."

वयस्कर बाई, हौस पुरवावी, असं मनाशी म्हणत उकिडवे हसले आणि माइक तोंडाजवळ घेऊन म्हणाले, "आलोच. एवढं रीडिंग झालं की."

मागे कुणाच्या तरी हातातली बशी निसटली, तिचा आवाज पार स्टेजपर्यंत आला.

"हाच!" नवले काकू मटकन खाली बसल्या. "अगं बाई, हाच तो! रोज रात्री माझ्या माहेरच्या विहिरीपाशी येऊन बोलतो मेला!"

"माझ्या परीक्षेच्या हॉलमध्ये बोलतो!" एक पोरगी ओरडली.

"मी स्वप्नात उडतो हो," एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "तर ढगातनं हाच आवाज. दचकून खाली पडतो मी."

"आणि त्याच्या आधी ती बाई!" कुणीतरी म्हणालं. "'अरे, येतोयस ना?' असं विचारते ती! ती कोण?"

मंजिरी उभी राहिली, वळली आणि वर्गाला सांगावं तशी सगळ्यांना म्हणाली, "ती मी. बसा आता सगळे. बाहेर चहा निवतोय."

*

त्या काळात सकाळी चहाच्या आधी कुणी कुणाशी बोलत नसे. लोक डोळे मिटून, जीभ टाळूला लावून, गप्प बसून राहात. घरोघरी, रिक्षा स्टँडवर, पोलीस चौकीतसुद्धा. याला 'स्वप्न सोडणं' म्हणत.

याच्या मुळाशी असलेली गोष्ट तशी साधी आहे. झोपेत मेंदू स्वस्थ बसत नाही. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे सुटे मणी. हे मणी ओवून मेंदू छोट्या छोट्या माळा करतो. रसायनशास्त्रवाले अशा माळेला पेप्टाइड म्हणतात, लोक स्वप्नमाळ म्हणायला लागले. प्रत्येक स्वप्नाची माळ वेगळी, मण्यांचा क्रम वेगळा. ही माळ लाळेत उतरते आणि माणूस जागा होऊन चपला शोधेपर्यंत तुटून जाते. माळ तुटली की स्वप्न गेलं. म्हणून तर आपण 'काहीतरी छान होतं गं, पण आठवत नाही' असं म्हणत डोकं खाजवत बसतो.

उकिडव्यांनी ती माळ पकडली. जिभेखाली केसासारखी सोन्याची तार ठेवायची, तिच्यावर विजेचा अगदी हलका दाब द्यायचा. माळ येऊन तारेला चिकटते आणि रात्रभर शाबूत राहते. सकाळी दाब उलटा केला की माळ सुटते, जिभेखालच्या शिरांतून वर जाते, आणि आख्खं स्वप्न परत येतं. रंगासकट, वासासकट. या तारेचं नाव निजतार.

तारेमुळे जग बदललं म्हणजे कसं, तर लग्न ठरवताना पत्रिकेऐवजी तारा बदलून बघायला लागले. आजेसासू नातसुनेची तार मिटक्या मारत चाखायला तयार, पण आजेसासूची तार तोंडात घालायला नातसून तयार नाही, यावरून मोडलेली लग्नंही होती. उष्टं स्वप्न घ्यावं की घेऊ नये यावर वर्तमानपत्रांत पत्रं यायची. एका मंत्र्याने 'माझं स्वप्न जनतेचं स्वप्न' अशी घोषणा केली, तेव्हा जनतेने तार मागितली. त्यानंतर तो मंत्री फारसा दिसला नाही.

पण यात एक मेख होती. विजेचा दाब एकट्या तारेवर मोजता येत नाही. समोर दुसरं काहीतरी लागतं, न हलणारं, न बदलणारं. त्याच्याशी तुलना करायची. हे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलं पहिल्या दिवसाचं शिक्षण. स्वप्न मोजायचं तर समोर बिनस्वप्नाची झोप हवी. म्हणून प्रत्येक निजतारेच्या टोकाला मोहरीएवढी एक कुपी होती, शून्यकुपी. तिच्यात उकिडव्यांची झोप भरलेली होती. म्हणजे त्यांच्या झोपेतल्या लाळेतले मणी, त्याच क्रमाने यंत्राने ओवलेले, लाखांनी.

उकिडव्यांचीच का, याचीही कथा आहे. त्यांची सुरुवात गंजापासून झाली. उमेदीची वर्षं त्यांनी पुलाच्या लोखंडाला खाऱ्या पाण्यात बुडवून ते कसं सडतं हे मोजण्यात घालवली. मग सोन्याचा मुलामा, मग पेप्टाइड. एका दुपारी त्यांच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी गाडगीळ, शिंपी टाचण्या धरतो तशी सोन्याची तार दातांत धरून काम करता करता पेंगला, आणि यंत्रावरच्या सरळ रेषेला एकाएकी डोंगर आला. गाडगीळला उठवलं तर तो म्हणाला, "का उठवलंस? मी श्रीखंड खात होतो." त्या डोंगराला पुढे विज्ञानात गाडगीळ शिखर म्हणायला लागले. गाडगीळांच्या पदरात बाकी काही पडलं नाही.

उकिडव्यांनी लगेच स्वतःवर प्रयोग केला. तुलनेसाठी झोपेतली लाळ हवी होती. हाताशी स्वतःचीच होती, तीच वापरली. रेषा सरळ आली. परत केला, सरळ. वर्षभर केला, सरळ. उकिडवे आनंदले. मला स्वप्नच पडत नाही! निसर्गाने माझ्या रूपाने शून्य पाठवलं आहे!

तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकच माणूस बसला आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या आलं असेल ते त्यांच्या हाताखाली नोकरीला होते.

*

"तुला माहीत होतं," सत्कारावरून घरी आल्यावर उकिडवे म्हणाले. शाल अजून खांद्यावर होती.

"पहिल्या नमुन्याची तार माझ्याच तोंडात घातली होतीस ना तू? दोन-तीन महिने ठीक होतं. मग ऐकू यायला लागलं. मी काढून ठेवली ती तार. माझाच आवाज मला ऐकवायला सोनं कशाला पाहिजे?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायला आले होते. तू म्हणालास, आलोच."

उकिडवे खुर्चीत बसले. शहरात ते बोलायला लागले की लोक दचकून वळून बघतात, ते आदराने नव्हे हे त्यांना आज कळत होतं. "पण त्या स्वप्नात आहे तरी काय? सगळ्या जगाने पाहिलंय, आणि मला माहीत नाही! मी तार लावली की कोरं. लावली नाही की आठवत नाही. स्वप्न माझं आणि मला सोडून सगळ्यांना दिसतं!"

"काजवे आहेत," मंजिरी म्हणाली.

मग त्यांना आठवलं. घोटीच्या पलीकडे उंबरदरा म्हणून एक खोरं आहे. पावसाच्या तोंडावर तिथल्या झाडांवर काजवे उतरतात. एका झाडावरचे सगळे एकदम लुकलुकतात, विझतात, मग पुढचं झाड लागतं. दरीच श्वास घेते आहे असं वाटतं. मंजिरीने हे ज्यांच्याकडून ऐकलं ते तिच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर कधीच वारले. मंजिरीने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नद्या, घाट, पठारं, सगळी नकाशावर दाखवली. तिने नवऱ्याकडे मागितलं ते एवढंच, एका वर्षी उंबरदऱ्याला जाऊ. आणि दरवर्षी मे संपता संपता ती प्रयोगशाळेच्या दारात येऊन विचारायची, "अरे, येतोयस ना?" गंजाच्या वर्षांत विचारलं, मुलाम्याच्या वर्षांत विचारलं, गाडगीळ शिखराच्या वर्षी तर रिक्षा थांबवून ठेवून विचारलं.

"या वर्षी नक्की," उकिडवे म्हणाले.

"या वर्षीच," मंजिरी म्हणाली. तिने चष्मा काढून पुसला. "काचबिंदूचं तुला सांगितलं होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दिवसाचं दिसत राहील. अंधारातलं बारीकसारीक मात्र पुढच्या वर्षी धरू नका."

हे तिने कधी सांगितलं होतं ते उकिडव्यांना आठवेना. बहुधा कुठल्यातरी रीडिंगच्या वेळी सांगितलं असावं.

*

दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक नचिकेत बोरावके यांनी सभा बोलावली. बोरावके तरुण होते आणि कुठल्याही संकटाला 'संधी' म्हणत.

"सर, गळती आहे म्हणे आपल्या शून्याला."

"गळती नाही. झिरपणं," उकिडवे म्हणाले. "कुपीच्या तोंडाशी सच्छिद्र बूच असतं. त्याशिवाय वीज वाहणार नाही. त्यातनं दोन-तीन महिन्यांनी आतलं थोडं बाहेर यायला लागतं. जगातल्या सगळ्या कुप्यांचं असंच असतं."

"म्हणजे तीन वर्षं आपण लोकांना तुमचं उष्टं..."

"शुद्ध, यंत्राने ओवलेलं," उकिडवे घाईने म्हणाले.

आधी दोष हळदीवर टाकून पाहिला. दर खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा व्हायची, आणि जिच्यावरून बाकी सगळ्या कुप्या भरल्या जात, त्या मूळ कुपीच्या खाचेलाही हळदीकुंकवाचं बोट लागायचं. हळद विजेला प्रतिसाद देते. आलेखात बरोबर हळदीच्या जागी एक पिवळी टेकडी सापडली. कंपनीने आनंदाने पत्रक काढलं की दोष पूजेचा आहे. त्यावर दोन संघटनांनी मोर्चे काढले, तेव्हा कंपनीने दुसरं पत्रक काढलं की पूजेचा दोष नाही, हळद भेसळीची होती. मग मसालेवाले चिडले. एवढं सगळं झाल्यावर उकिडव्यांनी खाच पुसून परत मोजलं. टेकडी गेली, आवाज तसाच राहिला.

मग ठरलं, शून्यच बदलायचं. खरोखर स्वप्न न पडणारा माणूस शोधायचा.

आधी तपोवनातले एक मौनी महाराज आणले. त्यांना बटाटेवडे दिसले, तेही गरम. सरकारी कचेरीतला एक अधिकारी आणला, जो प्रत्येक बैठकीत झोपायचा. तो स्वप्नातही बैठकीत झोपलेला निघाला. चार दिवसांचं बाळ आणलं. त्याच्या तारेवर फक्त उबदार तांबूस उजेड होता आणि कुणीतरी आतून गुणगुणत होतं. ती तार चाखलेले दोन शास्त्रज्ञ घरी जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले, ते दोन दिवस कामावर आले नाहीत. शेवटी गोशाळेतली गाय तपासली. तिला काहीतरी हिरवं दिसत होतं, लांबच लांब, आणि कुंपण नव्हतं.

"शून्य कुणाकडेच नाही," उकिडवे घरी येऊन पानावर बसत म्हणाले. भाकरी मोडली, पण घास तोंडापर्यंत गेला नाही.

"आम्ही समुद्रसपाटीपासून उंची सांगतो," मंजिरी आमटी वाढत म्हणाली. "समुद्र कधी सपाट असतो का रे? लाटा, भरत्या, ओहोट्या. सगळ्याची सरासरी काढली आणि म्हटलं, हे शून्य. मला दरवर्षी फळ्यासमोर हसू यायचं."

"म्हणजे कुणाची तरी लाट सगळ्यांच्या पायाखाली राहणारच."

"तुझी राहिली तीन वर्षं. आता दुसऱ्या कुणाची ठेवा."

उकिडव्यांनी घास खाली ठेवला. "मंजू, तुझी कुपी देशील? कंपनीसाठी नाही, माझ्यासाठी. समोर मी नसलो तर मला माझं स्वप्न दिसेल. एकदाच बघू दे."

"माझी लाळ?"

"झोपेतली. चूळ न भरता."

"शी!" मंजिरी म्हणाली. "लग्नात एक घास भरवला होतास, त्यानंतर हे." पण दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी उभं राहून, भिंतीकडे तोंड करून, तिने दिली.

*

उंबरदऱ्याला निघायचं ठरलं त्या दिवशी दुपारी उकिडवे मंजिरीला घेऊनच प्रयोगशाळेत आले. गाडी खाली उभी होती. डबा भरलेला होता, पाण्याच्या बाटल्या होत्या, मंजिरीने टॉर्चला लाल कागद चिकटवला होता. काजव्यांना पांढरा उजेड चालत नाही म्हणून.

"थोडाच वेळ," उकिडवे म्हणाले.

"मी कुठे काही म्हणतेय?" मंजिरी म्हणाली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. त्या बाकावर तिची बसायची जागा ठरलेली होती.

त्यांनी मूळ कुपीच्या खाचेतून स्वतःची कुपी काढली आणि मंजिरीची बसवली. नवी कोरी होती, झिरपायला अजून अवकाश होता. तार जिभेखाली घेतली आणि ते आरामखुर्चीत पडले. बाहेर कोकिळा ओरडत होती, पंखा फिरत होता. उकिडवे झोपले. मग यंत्राने दाब उलटा केला आणि हेरंब उकिडव्यांना आयुष्यातलं पहिलं स्वप्न आठवलं.

अंधार होता. मऊ, मोठा, ओल्या मातीच्या वासाचा अंधार. पायाखाली उतार होता. दरी आहे हे कळत होतं, पण दिसत काही नव्हतं. एकही दिवा नाही, एकही काजवा नाही, कुणी माणूस नाही. आणि त्या अंधाराच्या मध्यभागी ते स्वतः उभे होते, कुणीही काही विचारलेलं नसताना मोठ्या प्रेमाने म्हणत होते, "आलोच. एवढं रीडिंग झालं की." थोडं थांबून पुन्हा, "आलोच. एवढं रीडिंग झालं की." पलीकडच्या डोंगरावरून त्यांचाच आवाज परत येत होता, आणि त्यालाही ते उत्तर देत होते.

डोळे उघडले तेव्हा मंजिरी दारात उभी होती.

"दिसलं?"

"काजवे नव्हते. तू नव्हतीस."

"असं कसं? लोकांना तर दिसते मी."

उकिडवे उठून बसले. सवयीने समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगताच त्यांना समजत गेलं. "तुझ्याशी तुलना केली ना. दोघांत जे सारखं असेल ते वजा होतं, तारेवर धरलंच जात नाही. म्हणजे काजवे... तुझ्याही स्वप्नात आहेत."

"आहेत की."

"'येतोयस ना' हेही आहे."

"तेही आहे."

"आणि माझं उत्तर उरलं. एकटं. म्हणजे ते तुझ्याकडे..."

मंजिरीने दाराच्या कडीशी चाळा केला. "ते कधीच बंद झालं रे. आधी यायचं उत्तर. आता मी विचारते आणि चालायला लागते. छान असतं तसं. झाडं लागत जातात एकेक." तिने घड्याळाकडे पाहिलं. "उजेड आहे तोवर घाट उतरायला हवा. अरे, येतोयस ना?"

यंत्र टुक टुक करत होतं. रीडिंग पूर्ण व्हायला अर्धा तास होता. ते संपल्याशिवाय खाचेतली कुपी काढायची नाही, हा नियम उकिडव्यांनीच केलेला होता. त्यांचं तोंड उघडलं. 'आलो' एवढं जिभेवर आलंही. मग त्यांनी ते गिळलं, तार काढून टेबलावर टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा रीडिंग अर्धवट सोडून ते बायकोच्या मागे जिना उतरले.

*

घोटी मागे पडली. आभाळ जांभळं झालं. करवंदांचा वास गाडीत येत होता. मंजिरी काच खाली करून बसली होती आणि एकेका डोंगराचं नाव सांगत होती, जणू जुन्या विद्यार्थ्यांची हजेरी घेत होती. उकिडवे प्रत्येक नावाला "हं" म्हणत होते आणि खरोखर ऐकत होते.

शेवटच्या वळणावर गाडी थांबली, कारण पुढची गाडी थांबली होती. तिच्याही पुढची थांबली होती. खाली दरीत अंधार उतरला होता, आणि त्या अंधारात, दूरवर, झाडीच्या मधून मधून, पिवळे ठिपके लुकलुकत होते. लागत होते, विझत होते. शेकड्यांनी.

"अय्या!" मंजिरीने त्यांचा दंड धरला. "हेरंब, दिसले! मला दिसतायत! एवढे असतात?"

उकिडव्यांनी पाहिलं. त्या मोटारी होत्या. तीन वर्षं अख्ख्या महाराष्ट्राने रोज रात्री हीच दरी आणि हेच काजवे पाहिले होते. दर उन्हाळ्यात लोकांना कुठेतरी जावंसं वाटायचं, कुठे ते कळायचं नाही. सत्कारानंतर पेपरांत सगळं छापून आलं, दरीच्या नावासकट. आता सगळे इथे आले होते, बायकापोरांसकट, आणि गाड्या अडकल्यावर सगळ्यांनी पार्किंगचे दिवे लुकलुकत ठेवले होते.

आयुष्यभर रीडिंग चुकीचं सांगायचं नाही या बाण्याने जगलेला तो माणूस घसा साफ करून म्हणाला, "हो. खूप आहेत."

मंजिरी बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा शाळकरी पोरीसारखा झाला होता. मग ती हळूच म्हणाली, "त्यातला एक हॉर्न वाजवतोय रे."

"हो," उकिडवे म्हणाले.

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, दार उघडलं, लाल कागदाचा टॉर्च घेतला. "चल, आत झाडीत जाऊन बघू. एखादा तरी असेल." चार पावलं जाऊन तिने वळून हाक मारली, "अरे, येतोयस ना?"

हा आवाज घाटातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. आणि पुढून, मागून, खालच्या वळणावरून, अडकलेल्या प्रत्येक मोटारीच्या काचेतून नवरे एका सुरात म्हणाले, "आलोच! एवढं रीडिंग झालं की!"

उकिडवे मात्र गाडीतून उतरले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मंजिरीने टॉर्च त्यांच्या तोंडावर मारून खात्री करून घेतली.

दोघं झाडीत बरंच आत गेली. उजेड सगळीकडे पोचला होता. त्या वर्षी उंबरदऱ्यात कुणालाही काजवे दिसले नाहीत.

सोमवारी सकाळी कंपनीचं ओवणारं यंत्र वेळेवर सुरू झालं. खाचेत जी कुपी असेल तिच्यातल्या मण्यांचा क्रम वाचून ते नव्या शून्यकुप्या भरतं. खाचेत मंजिरीची कुपी राहिली होती, कारण रीडिंग संपल्यावर ती काढायला कुणी नव्हतं. बोरावक्यांनी पत्रक काढलं की नवं शून्य सापडलं आहे, पूर्णपणे निर्दोष. खंडेनवमीच्या सुमारास ते झिरपायला लागलं. आता झोपेत सगळ्यांना फक्त "अरे, येतोयस ना?" एवढंच ऐकू येतं, आणि पाठोपाठ कुणीतरी चालत निघून गेल्याचा आवाज येतो.